कहवा, काढा आणि आपले गुडघे

थंडी सुरू झाली की आपल्या मंडळात दोन विषय हटकून निघतात. एक हीटिंगचे बिल आणि दुसरा गुडघे. यंदा त्यात तिसऱ्याची भर पडली आहे, ती म्हणजे कहव्याची. कोणीतरी काश्मीरची सहल करून आले, येताना केशराची डबी आणि कहव्याचे पाकीट घेऊन आले, आणि "रोज सकाळी एक कप घेतला की सांधेदुखी पळते" ही बातमी पंधरा दिवसांत लिंडनपासून लांगेनहागेनपर्यंत पोचली. भिशीत तीच चर्चा, मुलांच्या मराठी वर्गाबाहेर वाट पाहणाऱ्या पालकांत तीच चर्चा. शेवटी "तुम्ही वार्तापत्रात यावर एकदा नीट लिहाच" असा प्रेमळ दम मिळाला. आम्ही डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकतो. पण स्वयंपाकघर आणि दवाखान्यातली वेटिंग रूम या दोन्ही ठिकाणी आमची बरीच वर्षे गेली आहेत. तेव्हा वाचून, विचारून आणि करून पाहून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

प्रथम कहव्याविषयी. 'कहवा' हा शब्द मूळ अरबी, आणि त्याचा अर्थ कॉफी! तोच शब्द तुर्कांच्या तोंडून युरोपात आला आणि जर्मनांचा 'काफे' झाला. काश्मिरी कहव्यात मात्र कॉफीचा दाणाही नसतो. हिरव्या चहाची पाने, दालचिनी, वेलदोडा, केशराच्या काड्या आणि वरून बदामाचे काप, एवढाच त्याचा संसार. दूध नाही. काश्मिरात तो समोवारात करतात. समोवार म्हणजे नक्षीदार, उंच, किटलीसारखे धातूचे भांडे. त्याच्या पोटात एक नळी असते, त्या नळीत निखारे घालतात आणि भोवती चहा तासन् तास गरम राहतो. तिकडे रोजचा चहा निराळा. त्याला 'नून चाय' म्हणतात. तो मिठाचा, खायचा सोडा आणि दूध घातलेला, गुलाबी रंगाचा. आपल्याकडच्या सहलीतल्या मंडळींनी तो एक घोट घेऊन कप हळूच बाजूला ठेवलेला आम्ही पाहिला आहे. कहवा हा पाहुण्यांचा, सणासमारंभाचा, जड जेवणानंतरचा. म्हणजे काश्मिरात त्याचे मुख्य काम ऊब देण्याचे आणि माणसे जमवण्याचे. सांधेदुखीचे औषध ही त्याची ओळख आपल्यापर्यंत येईतो जास्त मोठी झालेली दिसते.

मराठी घरांना कहवा अगदीच परका मात्र नाही. १९९० मध्ये काश्मिरी पंडितांना खोरे सोडावे लागले, तेव्हा त्यातली काही कुटुंबे पुण्यामुंबईला आली. त्यांच्या मुलांना महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत राखीव जागा मिळाल्या. होस्टेलवरच्या त्या मुलांमुळे आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या काश्मिरी काकूंमुळे अनेक घरांत कहवा पोचला. बाकी आपल्या सहल कंपन्यांनी काय ते पोचवले.

आता मुद्द्याचे. कहव्याने गुडघा बरा होतो का?

आपल्या आज्यांना हा प्रश्न विचारला असता तर त्यांनी तो कहव्यापुरता ठेवला नसता. थंडीत आलेपाक, बाळंतिणीला डिंकाचे आणि मेथीचे लाडू, पाठ धरली की ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक, निर्गुडीचा पाला, सुंठीचा काढा. 'वात वाढला' एवढे निदान आणि त्यावर उष्ण, कडू, तिखट असे उपाय. कहवा याच कुळातला आहे, फक्त जरा श्रीमंत घरचा. केशराच्या एका फुलात तीनच केसर, आणि एक ग्रॅम केशराला दीडशेच्या आसपास फुले खुडावी लागतात. पांपोरच्या शेतात हे काम हाताने चालते. तेव्हा सुंठीच्या काढ्यापेक्षा कहव्याचे मोल जास्त असणारच. गुण जास्त आहे की नाही हा वेगळा प्रश्न.

शास्त्रज्ञांनी यातल्या काही वस्तू तपासल्या आहेत. १९९९ साली अमेरिकेत उंदरांवर एक प्रयोग झाला. त्यांच्या सांध्यांत मुद्दाम सूज उत्पन्न केली होती. पिण्याच्या पाण्यातून हिरव्या चहाचा अर्क ज्यांना मिळाला त्यांच्यापैकी जास्तीत जास्त निम्म्यांना आजार झाला, ज्यांना मिळाला नाही त्यांच्यापैकी जवळजवळ सगळ्यांना झाला. ऐकायला फार छान. पण ते उंदीर होते, आणि तो अर्क होता. आल्याचा प्रयोग माणसांवर झाला, २००१ साली. गुडघ्याची झीज झालेल्या २६१ जणांना त्यात घेतले होते. सहा आठवड्यांनंतर आल्याचा अर्क घेणाऱ्यांपैकी ६३ टक्के लोकांचे उभे राहतानाचे दुखणे कमी झाले. आणि नुसती दिखाऊ गोळी, जिच्यात औषधच नव्हते, ती घेणाऱ्यांपैकी? ५० टक्क्यांचे! आम्ही हे आकडे दोनदा वाचले. आल्याचा उपयोग झाला हे खरे, पण तो तेरा टक्क्यांचा. निम्म्या लोकांना 'आपण काहीतरी घेतो आहोत, कोणीतरी आपल्याकडे लक्ष देत आहे' एवढ्यानेच बरे वाटले. यात हसण्यासारखे काही नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, मुलगा-सून कामाला आणि नातवंडे शाळेत गेल्यावर, नोव्हेंबरातल्या करड्या खिडकीपाशी एकट्या बसलेल्या आजीच्या गुडघ्याला आल्यापेक्षा समोर बसून चहा पिणाऱ्या माणसाचा गुण जास्त येत असेल, तर त्यात नवल ते काय?

आणि सांध्यांसाठी काढे पिणारे आपणच, असेही कोणी समजू नये. इथल्या कुठल्याही अपोथेकेत 'टॉयफेल्सक्राले' मागून पाहा. शब्दशः 'सैतानाचा पंजा'. नामिबियाच्या वाळवंटी भागातल्या या वनस्पतीचे मूळ तिथले लोक काढा करून पीत. तो देश १९१५ पर्यंत जर्मन वसाहत होता, त्यामुळे हे मूळ जर्मनीत आले आणि आजही गुडघ्या-कंबरेसाठी गोळ्यांच्या रूपात खपते. त्याआधी युरोपात विलोच्या सालीचा काढा होताच. त्या सालीतला गुणकारी पदार्थ १८२८ साली म्युनिकच्या बुखनर यांनी वेगळा काढला, आणि त्या वाटेने पुढे १८९७ साली बायर कंपनीच्या फेलिक्स हॉफमन यांनी ॲस्पिरिन तयार केले. हॉफमन यांचे वडील सांधेदुखीने हैराण होते म्हणून मुलाने हा खटाटोप केला, अशी गोष्ट इथे सांगतात.

आपल्या हॅनोव्हरचा सर्वांत थोर सांधेरुग्ण मात्र लाइबनित्स. होय, तोच, बिस्किटावरचा. (बिस्किट १८९१ चे, माणूस त्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी गेलेला.) गणिती, तत्त्वज्ञ, १६७६ पासून अखेरपर्यंत या गावचा रहिवासी. उतारवयात त्याला 'गिश्ट' झाला, ज्याला आपले वैद्य वातरक्त म्हणतात. दुखणे असह्य झाले की तो पायाला लाकडी चाप लावून आवळून घेत असे, असे त्याच्या सहायकाने लिहून ठेवले आहे. १४ नोव्हेंबर १७१६ ला तो गेला. नॉयस्टेटर चर्चमध्ये त्याची कबर आहे. जगातल्या सगळ्या भाषांसाठी एकच बिनचूक चिन्हलिपी करावी हे ज्याचे स्वप्न, त्याला आपल्या पायाचे काय करावे ते शेवटपर्यंत कळले नाही. त्याच्या काळी कोणालाच कळत नव्हते. आज कळते, आणि म्हणूनच पुढचा भाग आम्ही जरा लांबवून लिहीत आहोत.

'सांधे दुखतात' हे एका आजाराचे नाव नाही. आपल्या भाषेत यासाठी निदान दोन शब्द होते आणि आपण ते एकात मिसळून टाकले. संधिवात म्हणजे झीज. वय, वजन आणि वापर यांनी सांध्यातली गादी पातळ होते. चालले, जिना चढला की दुखते, बसले की थांबते. सकाळी उठल्यावर आखडलेले असते, पण दहा-वीस मिनिटांत मोकळे होते. आमवात निराळा. जुन्या 'माधवनिदान' या ग्रंथात त्याला स्वतंत्र प्रकरणच दिले आहे. आजचे डॉक्टर ज्याला रूमॅटॉइड म्हणतात तो आजार बराचसा याच्याशी जुळतो. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्यांवर उलटते. हाताची छोटी बोटे, मनगटे, तीही दोन्ही बाजूंची, सुजतात. सकाळचे आखडलेपण अर्धा तास, तास, कधी दुपारपर्यंत टिकते. थकवा येतो. हा बायकांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतो आणि म्हातारपणाची वाट पाहत नाही, चाळिशीतही गाठतो. यात पहिले काही महिने फार महत्त्वाचे. त्या काळात योग्य औषध सुरू झाले तर सांधे वाचतात. तो काळ काढ्यात गेला तर बोटे वाकडी होतात, आणि वाकडी झालेली बोटे कोणत्याही कहव्याने सरळ होत नाहीत.

आमच्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट सांगतो. नावगाव सांगत नाही. आई वर्षभर "हात जरा दुखतात गं" म्हणत होत्या. सुंठीचा काढा झाला, एरंडेल झाले, हळद-दूध झाले. नंतर मुलगी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथे आई मराठीत म्हणाल्या, "सकाळी बोटं आखडून येतात, मूठ वळत नाही. दहा वाजेस्तोवर कणीक मळता येत नाही. मनगट ठणकतं, आणि बांगडी घट्ट झालीय." मुलीने याचे जर्मन केले: "तिचे हात दुखतात." डॉक्टरांनी वय पाहिले, दुखणे कमी करणारी गोळी आणि मलम लिहून दिले, आणि पाच मिनिटांत सगळे आटोपले. आई जे बोलल्या त्यातल्या प्रत्येक वाक्यात आमवाताची खूण होती. दोन्ही हात, सकाळचे आखडणे, तेही काही तास, सूज. मुलगी बारावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, जर्मनही फर्डे बोलणारी. पण घाईत, संकोचात, 'डॉक्टरांचा वेळ नको घ्यायला' या आपल्या सवयीने, सगळे तपशील गळून पडले. पुढे रक्ततपासणी झाली, रोइमाच्या डॉक्टरांकडे पाठवणी झाली, आता त्यांचे बरे चालले आहे. पण मधले आठ महिने गेले ते गेलेच.

मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत पाहा. ठणका लागतो, कळ येते, चमक निघते, रग लागते, सांधा धरतो, आखडतो, भरून येतो, पाय वळतात, मुंग्या येतात. आपल्या आया हे शब्द अगदी नेमके वापरतात. चमक म्हणजे ठणका नव्हे, हे त्यांना सांगावे लागत नाही. आणि आपण जर्मनमध्ये सगळ्यासाठी एकच 'श्मेर्त्सन' वापरून मोकळे होतो. वास्तविक जर्मन भाषाही याबाबतीत गरीब नाही. ठणक्याला 'पोखंड', चमकेला 'श्टेशंड', मंद दुखण्याला 'डुंफ', आगीला 'ब्रेनंड', मुंग्यांना 'क्रिबेल्न', सुजलेल्याला 'गेश्वोलन'. आणि सकाळच्या आखडलेपणाला तर एक लांबलचक शब्दच आहे, 'मॉर्गनश्टाइफिश्काइट'. हा एक शब्द आणि त्यापुढे किती मिनिटे तो आकडा, एवढे जरी डॉक्टरांना सांगितले तरी अर्धे काम होते. कणीक मळता येत नाही, चहाच्या बरणीचे झाकण उघडत नाही, साडीच्या निऱ्या धरता येत नाहीत, हेही जसेच्या तसे सांगावे. डॉक्टरांना त्याचा उपयोग असतो. दवाखान्यात जाण्याआधी घरी आईसमोर बसून कागदावर चार ओळी लिहून घ्याव्यात. कहव्याचा कप हातात असला तर उत्तमच.

एकच सांधा एकाएकी लाल, गरम, सुजलेला झाला आणि अंगात ताप असला, तर मात्र कागद-बिगद काही नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पायाचा अंगठा रात्री अचानक पेटला तर तो लाइबनित्सवाला गिश्ट असण्याचा संभव, आणि त्यावर आता चांगली औषधे आहेत, लाकडी चापाची गरज नाही.

आणखी एक दुखणे आपल्या लोकांत सांधेदुखीचे सोंग घेऊन येते. ते 'ड' जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे. पुणे साधारण साडेअठरा अंशांवर आहे, हॅनोव्हर बावन्न अंशांच्या वर. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत जर्मनीतले ऊन त्वचेत पुरेसे 'ड' जीवनसत्त्व तयार करू शकत नाही, असे इथली आरोग्यसंस्था रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूट सांगते. त्यात आपली सावळी त्वचा, जिला जास्त ऊन लागते. त्यात आया-सासवा थंडीला घाबरून घराबाहेर पडत नाहीत. हाडे दुखतात, मांड्यांत शक्ती नसल्यासारखे वाटते, जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागतो, आणि घरात निदान होते, 'वात'. हे डॉक्टरांना मुद्दाम विचारावे. पण स्वतःच्या मनाने औषध नको. भारतात ६०,००० युनिटची पुडी मिळते, ती डॉक्टर ठराविक काळासाठी सहसा आठवड्यातून एकदा देतात. ती रोज घेऊन माणसे आजारी पडली आहेत. स्वतःहून घ्यायच्या गोळ्यांसाठी इथली बीएफआर ही सरकारी संस्था दिवसाला ८०० युनिटची मर्यादा सुचवते. दोन्ही आकड्यांतला फरक लक्षात ठेवावा.

हाउसआर्त्स्टने रोइमाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली की भेटीची तारीख महिनोन् महिने मिळत नाही, ही तक्रार आपल्यातल्या अनेकांची आहे आणि रास्त आहे. अशा वेळी ११६११७ या क्रमांकावर फोन करून तारीख मिळवण्यासाठी मदत मागता येते. चिठ्ठीवर तातडीचा संकेतांक असेल तर जास्त उपयोग होतो, तो डॉक्टरांकडून मागून घ्यावा. निदान झालेल्यांसाठी 'रोइमा-लिगा' ही संस्था आहे. तिच्या नीडरझाक्सन शाखेचे कार्यालय आपल्याच गावात आहे. डॉक्टरांनी लिहून दिले आणि क्रांकेनकासेने मंजुरी दिली की कोमट पाण्यातल्या व्यायामाच्या वर्गाचा खर्च विमा उचलतो. पोहण्याचा पोशाख हा आपल्या कित्येक काकूंना गुडघ्यापेक्षा अवघड प्रश्न वाटतो, याची आम्हाला कल्पना आहे. पण पूर्ण बाह्यांचे, पायघोळ पोशाखही मिळतात, आणि वर्गातल्या बाकीच्या बायका सत्तरीच्याच असतात, कोणी कोणाकडे पाहत नाही. ज्या दोघी-तिघी जाऊ लागल्या त्या आता रविवारच्या भजनाला उशीर करतील पण पाण्याला नाही.

हे झाले इथे राहणाऱ्यांचे. तीन महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांचे गणित वेगळे. व्हिसासाठी काढलेला प्रवासी विमा किमान ३०,००० युरोंचा असतो, पण जुन्या दुखण्याचा खर्च त्यातून बहुधा मिळत नाही. ही गोष्ट त्यांना ठाऊक असते आणि म्हणूनच त्या "मला काही होत नाही, काढा घेते" म्हणत दुखणे अंगावर काढतात. त्यांना वाटते मुलाला खर्चात कशाला पाडायचे? तेव्हा निघण्यापूर्वीच तिकडच्या डॉक्टरांना दाखवून, तीन महिन्यांची औषधे, औषधाच्या मूळ नावाची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट बरोबर आणायला सांगावेत. आणि येताना 'गावच्या वैद्याची रामबाण पुडी' आणली असेल तर जरा सावध. अशा बेनावाच्या पुड्यांत गुपचूप स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार भारतात उघडकीला आलेले आहेत. त्याने चार दिवसांत जादू झाल्यासारखे वाटते, आणि पुडी एकाएकी बंद केली की माणूस कोसळतो. २००४ साली अमेरिकेतल्या बोस्टनच्या दुकानांतून ७० आयुर्वेदिक औषधे विकत घेऊन तपासली, तर त्यातल्या १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. आयुर्वेदाविषयी आदर आम्हालाही आहे. पण ज्या पुडीवर काय घातले ते लिहिलेले नाही ती पुडी नको, एवढे म्हणायला आदर आड येत नाही.

कहव्यात असे काही भलतेसलते नसते, हा त्याचा मोठाच गुण. तरी दोन-तीन गोष्टी. दालचिनी दोन जातींची असते. भारतीय दुकानात मिळणारी जाड, एकाच सालीची, लाकडासारखी दालचिनी बहुधा 'कॅसिया' असते. तिच्यात कुमारिन नावाचा पदार्थ बराच असतो आणि तो जास्त प्रमाणात रोज पोटात गेला तर काही लोकांच्या यकृताला त्रास होतो. २००६ मध्ये नाताळच्या बिस्किटांवरून इथे यावर मोठी चर्चा झाली होती. बीएफआरच्या हिशेबाने साठ किलो वजनाच्या माणसाने रोज दोन ग्रॅमच्या वर कॅसिया खाऊ नये. रोज कहवा प्यायचा असेल तर 'सेलोन-त्सिम्ट' घ्यावी, पातळ पापुद्र्यांची, विडीसारखी वळलेली. तिच्यात कुमारिन नावापुरतेच असते. दुसरे, मार्कुमारसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कहवा, आले, हळद यांचा एकदम मारा सुरू करू नये, डॉक्टरांना आधी सांगावे. तिसरे, चहाने जेवणातले लोह नीट अंगी लागत नाही. आपल्या शाकाहारी बायकांत रक्त आधीच कमी, तेव्हा कहवा जेवणाबरोबर न घेता मध्ये तासाभराचे अंतर ठेवावे. आणि कहवा आवडला म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नये, हे सांगायला नको, तरी सांगतो, कारण तसे करणाऱ्या दोन व्यक्ती आम्हाला माहीत आहेत.

आता कृती, जिच्यासाठी निम्म्या वाचकांनी हा लेख शेवटाकडून वाचायला घेतला असेल.

चार कपांसाठी साडेचार कप पाणी घ्यावे. त्यात बोटाच्या दोन पेरांएवढी दालचिनी, चार हिरवे वेलदोडे सालीसकट ठेचून आणि हवी तर एक लवंग घालून पाच-सात मिनिटे मंद उकळावे. सांध्यांसाठीच करत असाल तर चिमूटभर सुंठ आपल्या हाताने घालावी. काश्मिरी शेजारीण नाक मुरडणार नाही, त्यांच्या स्वयंपाकात सुंठ भरपूर असते. केशराच्या दहा-बारा काड्या आधीच दोन चमचे कोमट पाण्यात भिजत घालाव्यात. केशर खरे असेल तर पाणी हळूहळू पिवळे होते आणि काडी लालच राहते. पाणी लगेच लालभडक झाले आणि काडी पांढरी पडली तर दुकान बदलावे. काश्मिरी केशराला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, डबीवर ते पाहून घ्यावे. ते न मिळाल्यास इथल्या इराणी दुकानातले केशर चांगले असते. आता गॅस बंद करावा आणि मगच दीड-दोन चमचे हिरवा चहा घालून झाकण ठेवावे. दोन-तीन मिनिटे, त्यापेक्षा जास्त नाही. हिरवा चहा उकळला की कडू होतो आणि मग "कहवा काही खास लागत नाही" असे मत होते. काश्मिरी पत्ती नसेल तर गोळ्या-गोळ्यांचा चिनी 'गनपावडर' चहा कोणत्याही टीलाडेनमध्ये मिळतो, तो जवळात जवळ. जपानी सेंचा नको, त्याचा समुद्री वास केशराला मारतो. गाळून, भिजलेले केशर वरून घालून, साखर किंवा मध बेताचा. मधुमेह असेल तर दोन्ही वगळावे, वेलदोड्याचा गोडवा पुरतो.

किती प्यावा? आपल्याच राज्यात, वर समुद्राकाठी, ओस्टफ्रीसलंडचे लोक वर्षाला माणशी सुमारे ३०० लिटर चहा पितात. त्यांची ती चहाची रीत २०१६ पासून जर्मनीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहे. कपात आधी खडीसाखर, तिच्यावर कडक चहा, मग कडेने साय सोडायची आणि ढवळायचे मात्र नाही. तिकडे तीन कप हा पाहुण्याचा हक्क मानतात. त्याआधी उठणे बरे नव्हे, आणि पुरे झाले की चमचा कपात ठेवायचा. त्यांच्या चहात आपला आसामचा चहा बराच असतो, हेही सांगून ठेवतो. कहव्याचे मात्र दिवसाला दोन छोटे कप पुरेत, त्यातला शेवटचा दुपारी चारच्या आत, नाहीतर झोप जाते, आणि झोप गेली की सांधे दुसऱ्या दिवशी जास्त दुखतात.

बदामाचे काप कपात आधी घालून वरून कहवा ओतावा. तळाशी राहिलेले बदाम चमच्याने खायचे असतात, टाकायचे नसतात. ज्यांना कवळी आहे त्यांच्यासाठी बदाम रात्री भिजवून, सोलून, बारीक कुटून घालावेत.